पाळकांच्या चुका

दर रविवारी उपदेशाआधी आमचे भास्कर पाळक आठवड्याच्या चुका वाचून दाखवतात. मंडळीच्या न्हाई, स्वतःच्या. बायबलातून चिठ्ठी काढतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "चुकलो, मंडळी. ऐका."

मी चौथी शिकलेला. नागापूरच्या कारखान्यात मशीनवर जन्म गेला. साहेब लई बघितले, सगळे आपली चूक खालच्याच्या नावावर टाकणारे. त्यामुळं हे पाळक नवे आले आणि भिंगारच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चात, त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली, तेव्हा मला वाटलं, माणूस यडा हाय.

"सोमवारी यशवंत पंचांच्या घरी जेवलो. भरीत खारट होतं. मी 'फार छान' म्हणालो. खोटं बोललो."

बायकांच्या बाजूनं पंचांची बायको ताडकन उठली. "मग पातेलं पुसून का खाल्लंत, पाळकसाहेब?"

"ती दुसरी चूक, बाई. खाली लिहिलीय. हावरटपणा."

सगळं देऊळ हसलं. माझी बायको सुवार्ता तर घरी येऊन भाकरी थापतानाही हसत होती.

यशवंत पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. त्यांनी त्या दिवशी पाळकांना देवळाच्या दारातच गाठलं. "पाळकाचा धाक पायजे! अशानं तुमचं ऐकंल कोण?"

"आधीच्या गावी होता की धाक," पाळक म्हणाले. "लोक माझ्यापाशी चांगलं तेवढंच बोलायचे. मी खूश, आणि ते बिचारे घरात रडत."

पंच फणफणत गेले. पण खरं सांगतो, दोन वर्षांत दारुडेसुद्धा दिवसाढवळ्या पाळकांच्या घरी जायला लागले. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. मी नुसतं बघत राहिलो.

मग सुवार्ता आजारी पडली. पाळक दवाखान्यात आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "बाई, नाताळाच्या करंज्या तुम्ही घरीच तळणार. प्रभूनं सांगितलंय मला."

तिनं ते मनाशी धरलं. मी तर घट्टच धरलं. ती कधी "माझ्या मागं तुमी..." असं सुरू करायची, की मी दरडावायचो, "गप. पाळकसाहेब काय म्हनले?"

नाताळाच्या आधीच ती गेली. कबरस्तानात सगळ्यांदेखत मी पाळकांना म्हणालो, "देवाच्या नावानं थाप मारलीत. तुमच्या शब्दापायी मी तिला शेवटचं बोलूबी दिलं न्हाई."

दोन रविवार मी देवळात गेलो नाही. तिसऱ्याला गेलो, तो एवढ्यासाठीच, की भरताची चूक वाचणारा माणूस ही वाचतो का ते बघू. नाही वाचली, तर परत त्या दारात पाय ठेवायचा नाही, असं ठरवून मागच्या बाकावर बसलो.

पाळकांनी चिठ्ठी काढली. चष्मा पुसला नाही.

"चुकलो, मंडळी. प्रभूनं मला काही सांगितलं नव्हतं. सुवार्ताबाई घाबरल्या होत्या आणि मीही घाबरलो होतो. माझ्या शब्दाला वजन यावं म्हणून मी त्याचं नाव घेतलं. त्यापायी दोघा नवरा-बायकोचं शेवटचं बोलणं राहून गेलं. आज उपदेश करायची माझी लायकी नाही."

आणि ते खाली उतरून मंडळीत बसले. यशवंत पंचांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

उपासना सुटल्यावर मी पाळकांच्या घरी गेलो. राग होताच. म्हणालो, "सगळ्यांसमोर कशाला वाचता हो? चूक घरात सांगावी मानसानं."

"घरात कोणाला सांगू, तात्या?" ते म्हणाले.

लग्न केलं नव्हतं त्यांनी. चुलीपाशी एकच ताट उपडं होतं. हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग हा शिकलेला माणूस माझ्यापुढं गुडघ्यावर बसला. "हात ठेवा, तात्या. आज तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा."

मी जन्मात मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. हात ठेवला. शब्द येईनात. शेवटी तोंडातून निघालं, "सुवार्ते, मी ह्यांना माफ केलंय. तू पन कर."

प्रार्थना देवाला करायची असते. मी बायकोशीच बोललो होतो.

पाळक म्हणाले, "आमेन."