सासऱ्यांचं रील आणि केळ्याचं पुडिंग

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीला नेतो. (नादीनच्या मते तडीला नाही, तळाला. पण नादीन माझी बायको आहे, तेव्हा तिचं मत निःपक्षपाती धरता येत नाही.) त्या शुक्रवारी मी मनावर घेतलं होतं ते इतकंच, की सासऱ्यांचं मासेमारीचं रील उघडायचं, पुसायचं, तेल घालायचं आणि परत बंद करायचं. यात जगबुडी होण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा!

तसा या विषयात माझा अधिकार मोठा. आमच्या अलाबामात पोराला चालायला यायच्या आधी गळ टाकता येतो. त्यात मी सरकारी कचेरीत गाड्यांच्या नंबरप्लेटच्या खिडकीवर बसतो. माणूस येतो नंबरप्लेटला आणि जातो सल्ला घेऊन. "पाणवेलीतला बास मासा ओढायचा असेल तर रॉड कडक घे, टोक तेवढं लवचीक," मी सांगतो. "उघड्या पाण्यात पळतं आमिष ओढायचं असेल तर वाकणारा घे. मासा हिसडा देतो तेव्हा रॉडनं नमतं घ्यायचं, म्हणजे गळ तोंडातून सुटत नाही. पाणी गढूळ असेल तर काळं-निळं आमिष, नितळ असेल तर हिरवट." मागची रांग दारापर्यंत जाते, पण ज्ञान अर्धवट देऊ नये या मताचा मी आहे. घरी गॅरेजची एक अख्खी भिंत माझ्या रॉडनी आणि आमिषांनी भरलेली आहे. येणारा-जाणारा बघून थक्क होतो. (मासे अजून थक्क झालेले नाहीत. पण त्यांनी ती भिंत पाहिलेली नाही.)

सासऱ्यांची गोष्ट निराळी. मिस्टर वेंडल यांच्याकडे एकच रॉड, एकच रील. रीलही असं जुनं, की ते बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. त्याचा एखादा भाग हरवला तर तो जगात कुठे मिळणार नाही. तेवढ्यावर या माणसानं जन्मभर तलाव उपसला. पण सासूबाई, म्हणजे ओपल, गेल्या आणि त्यांनी नावेवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. घरातून चर्च, चर्चमधून घर. बोलणं 'हं' आणि 'बरं' एवढ्यावर आलं. ओपलचं नाव तर कुणी काढलं की उठून अंगणात जायचे. नादीननं सगळे उपाय केले, शेवटी एकटीच रडली.

म्हणून आदल्या रविवारी जेवताना मीच विषय काढला. "मिस्टर वेंडल, बास काठाला आलेत. शनिवारी नाव काढायची का?"

ते ताटाकडे बघत म्हणाले, "रील जाम झालंय."

"एवढंच ना? मी करून देतो!"

टेबलाखालून नादीनची लाथ बसली. ती 'शाबास' म्हणून होती की 'गप्प बस' म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. सासरे उठून आत गेले आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेलं रील घेऊन आले. माझ्या हातात देताना त्यांनी ते लगेच सोडलं नाही.

"जपून, हार्लन."

"मिस्टर वेंडल, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो. बाहेर पडल्यावर नादीन म्हणाली, "डॅडींनी स्वतःहून काही दिलं, किती दिवसांनी! हार्लन, हे नीट होऊ दे हं."

गॅरेजमधला दिवा मंद, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बस्तान मांडलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नादीनचं केळ्याचं पुडिंग निवत होतं. त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, आणि तिथे नादीनचं पुडिंग आणि मिस इमोजीनचं पुडिंग यांच्यात जे चालतं त्याला लढाईच म्हणायला हवं. फक्त दोन्ही बाजू हसत असतात.

"मी कपडे बदलून येते," नादीन म्हणाली. "पुडिंगला हात लावशील तर बघ."

"मी रील उघडतोय. मला पुडिंगशी काय करायचंय?"

रील उघडायची एक शिस्त असते. खाली टॉवेल अंथरायचा, म्हणजे बारीक भाग घरंगळत नाहीत. जो भाग आधी निघेल तो आधी ठेवायचा, ओळीनं. खटक्याचं झाकण काढताना वर अंगठा दाबून धरायचा, कारण खाली एक इवलीशी स्प्रिंग असते. ती नसेल तर रील आमिष लांब फेकतं, पण परत गुंडाळत नाही. हे सगळं मला पाठ होतं. टॉवेल अंथरला. भाग ओळीनं मांडले. तेल ओतलं. आणि मग दाढी खाजली, म्हणून तेलकट अंगठा उचलला.

टिंग!

मी जमिनीवर रांगलो. मोरीत पाहिलं. टोस्टर उपडा केला. स्प्रिंग नाही. शेवटी डोकं वर काढलं तर डोळ्यांसमोर पुडिंग, आणि त्यावरच्या अंड्याच्या पांढऱ्याशुभ्र फेसाच्या थरात मधोमध एक बारीकसं भोक.

मी चमचा उचलला मात्र, नादीन दारात.

"हार्लन!"

"चव बघत होतो."

तिनं माझ्या हातावर चापट मारली, पुडिंगवर झाकण ठेवलं आणि ती ते मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसली. आता तिला सांगावं, तर पुडिंग उकिरड्यावर, मिस इमोजीन सिंहासनावर, आणि वर मी सासऱ्यांच्या रीलचा खून केलेला. मी शांत डोक्यानं विचार केला. (शांत डोक्यानं केलेले माझे विचार जास्त महागात पडतात.) उपाय अगदी सोपा होता. पुडिंग मीच खायचं, सगळं. स्प्रिंग लागली की हळूच खिशात. रीलचे बाकीचे तुकडे टॉवेलात बांधून मी कोटाच्या खिशात कोंबले आणि गाडी सुरू केली.

चर्चच्या हॉलमध्ये लोक तळलेल्या कोंबडीकडे वळले, मी थेट गोडाकडे. पहिलं ताट भरून घेतलं. प्रत्येक घास जिभेनं तपासून गिळला. स्प्रिंग नाही. दुसरं ताट. तिसऱ्याला मिस इमोजीन माझ्या खांद्यावरून डोकावल्या.

"हार्लन, माझंही आहे हो पलीकडे."

"मॅडम, आज मला दुसरं काही दिसतच नाही."

हे नादीननं ऐकलं. तिचे गाल लग्नाच्या दिवशीही झाले नव्हते इतके लाल झाले. ती जवळ येऊन माझा दंड धरून म्हणाली, "इतक्या वर्षांत तू कधी एवढं मनापासून खाल्लं नव्हतंस रे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण ते पोटातून आलं होतं.

पाद्री ब्रदर टिमन्स माझ्या शेजारी येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घरी सगळं ठीक ना, ब्रदर हार्लन?"

"उत्तम!"

"मनाला काही लागलं की माणूस गोडावर तुटून पडतो."

"मला अजून काही लागलेलंच नाही, तीच तर पंचाईत आहे."

ते काय समजले कोण जाणे, पण त्यांनी डोळे मिटून माझ्यासाठी तिथल्या तिथे प्रार्थना केली. 'आमेन' म्हणून मी डोळे उघडले, तर सासरे पुडिंगपाशी! तळाशी राहिलेलं सगळं त्यांनी ताटात खरवडून घेतलं होतं आणि चमचा तोंडाकडे निघाला होता. मी झेप घेऊन ताटाची दुसरी कड पकडली.

"मिस्टर वेंडल, तुमची साखर!"

"मला साखर नाही."

"होईल ना!"

"ताट सोड, हार्लन."

"नाही सर."

"मी दोन वर्षांत काही चवीनं खाल्लेलं नाही. आज खावंसं वाटतंय. सोड."

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. (टाचणी कसली, स्प्रिंगसुद्धा.) त्या म्हाताऱ्याच्या तोंडचा घास मी ओढतोय, सगळं गाव बघतंय, नादीनचा चेहरा उतरत चाललाय. मग मला राहवलं नाही.

"चावू नका! त्यात तुमच्या रीलची स्प्रिंग आहे!"

"माझ्या पुडिंगात?" नादीन किंचाळली.

"उडाली ती थेट त्यात गेली. ते भोक मी स्वतः पाहिलं!"

"ते भोक मी पाडलं होतं! आतून झालंय का बघायला काडी घातली होती!"

मिस इमोजीननी हातातला चमचा अलगद खाली ठेवला. "तरी म्हटलं, यंदा जरा लोखंडाची चव येतेय."

नादीननं माझ्याकडे पाहिलं. ते वर्णन करण्यासारखं नाही. पण सासरे बघत होते माझ्या हनुवटीकडे. पाण्यातली हालचाल टिपणारे डोळे ते. ताट खाली ठेवून ते जवळ आले, माझ्या दाढीत दोन बोटं घातली, थोडं चाचपलं आणि रीलच्या तेलानं केसांना चिकटून बसलेली ती स्प्रिंग अख्ख्या चर्चसमोर बाहेर काढली.

ती त्यांनी दिव्यापुढे धरली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, म्हातारा रडतोय. पण ते हसत होते. आधी आवाज न करता, मग असे मोठ्यांदा, की खुर्चीची पाठ धरून उभं राहावं लागलं. नादीन आधी घाबरली, मग तीही हसायला लागली, आणि मग हॉलमध्ये हसायचं कुणी राहिलं नाही. (मी हसलो नाही. माझ्या पोटात हसायला जागा नव्हती.)

"बाकीचं कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी खिशातून टॉवेल काढला. कोंबडीची ताटं बाजूला सारून ते बसले आणि एकेक तुकडा पुसायला लागले.

"किती तेल घातलंस रे?"

"भरपूर."

"एकच थेंब घालायचा असतो. मासे पकडायचेत, तळायचे नाहीत." त्यांनी स्प्रिंग खाचेत बसवली, वर अंगठा दाबला. "ही उडतेच. मी पहिल्यांदा उघडलं होतं तेव्हाही उडाली होती. घर पालथं घातलं आम्ही. सापडली ओपलच्या अंबाड्यात. अख्खी रविवारची प्रार्थना ती तशीच डोक्यात घेऊन बसली होती."

हे नाव त्यांनी आपल्या तोंडानं घेतलं होतं, आणि ते उठून बाहेर गेले नव्हते. नादीन हळूच त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. त्यांनी खटका दाबला, मूठ फिरवली. रील मांजरासारखं गुरगुरलं.

"शनिवार म्हणजे उद्याच ना?" ते म्हणाले.

शनिवारी उजाडताना सासऱ्यांचा ट्रक दारात हजर. मागे नाव, ताडपत्री नाही. मी मात्र न्हाणीघरात होतो. एक अख्खं पुडिंग पोटात गेलं की ते माणसाला फार लांब जाऊ देत नाही.

"तुझ्या जागी मी जाते," नादीन दाराबाहेरून म्हणाली. "भिंतीवरचा कुठला रॉड घेऊ?"

असा प्रश्न घरात मला पहिल्यांदाच विचारला गेला होता. मी बसल्या जागेवरून सविस्तर सांगायला घेतलं. वारा कुठला, पाणी गढूळ की नितळ, मासा वेलीत की उघड्यावर, गळाची दोरी जाड की बारीक. माझं सांगून संपलं तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं. ट्रक केव्हाच गेला होता.

दुपारी दोघं परतली. दोघांची नाकं उन्हानं लाल. नादीननं हात पसरून माशाची लांबी दाखवली, सासऱ्यांनी ते हात आणखी लांब केले. "सोडून दिला," ते म्हणाले. "एवढी मोठी मादी कुणी खात नाही." मग माझ्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसले, स्वतःहून कॉफी मागितली आणि पोरीचा हात कसा अगदी ओपलसारखा वळतो ते सांगत राहिले. मी दाराला टेकून ऐकत होतो. म्हटलं, काहीही असो, हे सगळं मी मनावर घेतलं म्हणून झालं.

जाताना ते दारात थांबले. "पुढच्या शनिवारी तूही ये, हार्लन."

माझा ऊर भरून आला. "येतो की! कुठला रॉड आणू?"

"रॉड कुठलाही आण," ते म्हणाले. "दाढी तेवढी घरी ठेवून ये."