नदीचं विरजण

आमच्या गल्लीत कोणाचीही खुशाली विचारताना आप्पा बाकीच्या भानगडीत पडत नाहीत. थेट विचारतात, "पोट काय म्हनस?" सासरी निघालेल्या नवरीला विचारलंय, बँकेच्या साहेबालाही विचारलंय.

आप्पा म्हणजे आमचे शेजारी, शहाद्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले प्राणिशास्त्राचे मास्तर. त्यांच्या मागच्या अंगणात सिमेंटची टाकी आहे. नदीकाठच्या वाळूतून वाचवलेली कासवाची अंडी वनखातं त्यांच्याकडे देतं. पिल्लं मोठी झाली की तापीत सोडायची. पहिल्या खेपेची काही पिल्लं काठाशीच सुकून मेली. आप्पा कित्येक दिवस पुस्तकं चाळत बसले. मग त्यांनी निदान केलं: टाकीत कोबी खाऊन वाढलेल्या पोटात नदीचं अन्न पचवणारे जंतूच नाहीत.

"भाऊ, दूधमा इरजन नही टाकं ते दही लागस का? यास्ना पोटमा बी नदीनं इरजन लावनं पडी."

हे विरजण म्हणजे नदीतच वाढलेल्या कासवांची विष्ठा आणि गाळ. शेवाळात कालवून रोज थोडं थोडं द्यायचं. ते आणायला आप्पा एसटीने तापीकाठच्या प्रकाशा गावाला जात आणि परतताना स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसत. एकदा शेजारच्या सीटवरच्या पाहुण्याने विचारलं, "भाजी कसानी शे?" आप्पांनी मास्तरकीच्या ओघात झाकण उघडून सगळं समजावून सांगितलं. पुढच्या थांब्यावर अर्धी गाडी उतरली.

आप्पांची बायको, आमच्या काकू, होत्या तोवर त्या डब्याची स्वयंपाकघरात यायची टाप नव्हती. "तुम्हना कासवे अन् मन्हं दही एक घरमा नांदाव नहीत," असं त्या बजावायच्या. आणि काय ते दही! कोमट दुधात त्या बोटानेच विरजण ढवळायच्या, चमचा कधी नाही. ज्याचं दही बिघडेल तो वाटी घेऊन त्यांच्या दारात. ते दिवस आठवले की अजून तोंडाला चव येते. आप्पा मात्र दह्याला कधी शिवले नाहीत, वासानेच त्यांना मळमळतं.

काकू गेल्या. तरी आप्पा रोज दही लावतात आणि सकाळी गल्लीत कोणाला तरी देऊन टाकतात. आम्हाला वाटायचं, जुनी सवय.

यंदा उन्हाळ्यात आप्पा कासवं सोडायला गेले. पिल्लं नदीतलं खाताना बघितल्याशिवाय ते काठावरून हलेनात, मुक्काम लांबला. इकडे वीज गेली, फ्रीज बंद पडला. ते परतल्याचं कळताच मी कासवांची चौकशी करायला गेलो, तर आप्पा दारच्या ओट्यावर बुरशी धरलेली विरजणाची वाटी घेऊन बसलेले.

"खातस. बठ्ठी खातस," ते म्हणाले, म्हणजे सगळी पिल्लं नदीतलं खायला लागली होती. मग वाटीकडे बघत, "भाऊ, तिन्हा हातना जंतू जित्ता व्हतात यामा. मी मारी टाकात."

पोटावर तासभर बोलणारा माणूस, नुसता बोटाने वाटीची कड पुसत राहिला.

माझी बायको आमच्या दारातून ऐकत होती. ती आत गेली आणि आमच्या दह्याची वाटी घेऊन आली. "आप्पा, मी लगीन करी वनू तवय काकूनीच इरजन दिन्हं व्हतं. तवयपाईन तेच लावस, येक दिन बी मोडं नही."

आप्पांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. दह्याच्या वासाने मळमळणारा तो माणूस कितीतरी वेळ ती नाकाशी धरून बसला. मग उठून त्यांनी दूध कोमट केलं, चमचा बाजूला ठेवला आणि बोटाने ढवळायला लागले.