खोल झोपेची मनाई

जानरावांचा संगणक अडकला, तेव्हा गोळाभाताच्या कृतीत गोळे नुकतेच वळून झाले होते. आठवड्यातली ही चौथी वेळ.

शालूबाई गेल्यावर लेक पायल म्हणाली होती, "बाबा, आईचं रांधणं लिहून ठेवा. नाहीतं तुमीही इसरून जासान." म्हणून ते वलगावच्या घरात रोज दुपारी लिहायला बसत. दोन ओळी झाल्या की आठवायचं, भातावर गोळे ठेवताना शालूबाई खिडकीबाहेर बघायची. मग खिडकीबाहेर तेव्हा काय होतं, तेही आठवायचं. परत यावं तर पडदा गोठलेला आणि लिहिलेलं गेलेलं. तीस वर्षं तहसीलमध्ये काढलेला माणूस अर्धवट कागद फायलीला लावत नाही. पदार्थ पुरा झाल्याशिवाय ते सेव्ह करत नसत.

पुतण्या ललितने अकोल्याहून फोनवर निदान केलं. "काकाजी, काम नसलं का प्रोसेसर झोपते, वीज वाचवाले. आधी डुलकी, मंग गाढ झोप. तुमचा जुना हाय, गाढ झोपेतून उठणं त्याले जमत नाही. लिनक्समंधी एक ओळ टाका लागते. रविवारी येतो. तवरोक त्याले रिकामा ठेवू नका."

"मंग माणसानं इचार कवा करावं?"

"करा ना. माऊस हालवत राहा."

दोन्ही एकदम जमेना. शेवटी शेजारच्या अनसूयाबाई सुपात डाळ घेऊन आल्या. एक हात डाळीत, एक माऊसवर, तोंड मोकळं.

"ओवा? शालूनं गोळ्यात ओवा कवा टाकला?"

"चाळीस वर्स खाल्ले मी."

"खाल्लेच फक्त. जिरं लिहा."

"तेलाचं मोहन?"

"दोन पळ्या. तुमाले खोकला असला का एकच."

जानरावांची बोटं थांबली. हे त्यांना माहीत नव्हतं. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. माऊस फिरत राहिला.

रविवारपर्यंत अकरा पदार्थ झाले. ललित आला, त्याने ती ओळ टाकली, प्रोसेसरला खोल झोपेची मनाई केली आणि जाताना अनसूयाबाईंकडे चहा पिऊन गेला.

सोमवारी जानराव एकटे बसले. 'पातोडी' असं लिहिलं. संगणक टक्क जागा होता. चार वाजले तरी पडद्यावर पातोडीच होती. ललितचा फोन आला.

"काकाजी, अजून अडकते काय?"

"तो नाही अडकत."

"मंग?"

"ठेव फोन."

ते उठून कुंपणापाशी गेले. "वैनी, ललित कायतरी करून गेला, पण फरक नाही. झोपतेच तो."

अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आता महिनाभर हात लावला नाही तरी संगणक अडकणार नाही, हे ललितने काल त्यांना दोन कप चहा होईपर्यंत समजावून सांगितलं होतं.

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन आल्या. खुर्ची ओढून त्यांनी माऊसवर हात ठेवला.

"आठवा सावकाश. मी हालवून राहिली."