पाठीला पाठ लावून

वैशाखात सोलापुरात दोन माणसं भेटली की 'ऊन लई झालं' म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. आमचे शेजारी चनवीर मास्तर मात्र हे ऐकून थांबत, छत्री मिटत आणि विचारत, "कशाच्या मानानं?" कालच्या, असं म्हणावं तर "काल तुम्ही कुठं उभे होता?" सावलीत होतो म्हणावं तर "मग आजचंही सावलीतूनच सांगा." एवढं होईपर्यंत बोलणाऱ्याला खरोखरच ऊन लागत असे. बरेच लोक मास्तर दिसले की पलीकडच्या बोळातून जात.

मास्तर आमच्या हायस्कुलात सायन्स शिकवत आणि मी संस्कृत. त्याआधी ते पुण्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. तिथं त्यांनी केलेल्या कामावरचा निबंध मोठ्या प्रोफेसरांच्या नावानं छापून आला. मास्तरांचे शेवटी बारीक टाइपात आभार मानले होते. मास्तर भांडले नाहीत. सामान बांधून गावी परत आले. तेव्हापासून विलायती शास्त्रीय मासिक पोस्टानं आलं की ते शेवटाकडून वाचत. "आधी आभार वाचावेत, शास्त्रीबुवा," ते मला सांगत. "काम कुणी केलं ते तिथं कळतं. वर असतो तो सही करणारा."

आमच्या गावात दोन गोष्टी मुबलक, माग आणि ऊन. मास्तरांनी संशोधनाला दोन्ही घेतल्या. रंगवलेलं सूत पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळायचं, अर्ध्या भागावर काळा कागद बांधायचा आणि पट्टी माळवदावर उन्हात ठेवून द्यायची. रविवारी दुपारी कागद सोडायचा, झाकलेला भाग आणि उघडा भाग शेजारीशेजारी पाहायचा आणि रंग किती उडाला त्याला दहापैकी आकडा द्यायचा.

आकडा द्यायला दोन माणसं लागत, कारण एकाच्या डोळ्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या तर नव्हताच. दुसरं माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी गंगव्वा. माहेर अक्कलकोटकडचं, बोलण्यात निम्मं कानडी, शिक्षण पाटीवर आकडे काढण्यापुरतं. पट्टी पाहून झाली की दोघं एकाच घोंगडीवर पाठीला पाठ लावून बसत, आपापल्या पाटीवर आकडा लिहीत आणि मग वळून एकमेकांना दाखवत. त्यांचं माळवद आमच्या माळवदाला लागून, त्यामुळे हा सोहळा लपण्यासारखा नव्हता. गल्लीतल्या बायकांनी आधी ठरवलं की दोघांचं भांडण झालंय. दर रविवारी तेच दिसायला लागल्यावर त्या कौतुकानं म्हणू लागल्या, भांडतात, पण किती वेळेवर.

"चार," मास्तर पाटी दाखवत.

"अल्ल री," गंगव्वा मान हलवत. "सहा. तुमचा डोळा मऊ हाय. आवडत्या रंगाला पास करता."

दोनचा फरक पडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी मास्तर हमखास पाचावर येत. गंगव्वा सहावरच असत.

सूत रंगवणारे नरसय्या एकदा चिठ्ठी मागायला आले. "मास्तर, आपला लाल पक्का हाय म्हणून लिवून द्या की. गिऱ्हाइकाला दाखवतो."

"पक्का रंग नसतो, नरसय्या. उशिरा उडणारा असतो."

"मग तसं लिवा."

"लिहू?"

नरसय्यांनी क्षणभर विचार केला. "नको. कोन घेईल असलं लुगडं?"

या रंगांवरचा निबंध होत आला होता. मास्तरांनी मथळ्याखाली दोन नावं घातली होती, गंगव्वांचं आधी. आता एकच उन्हाळा पाहायचा राहिला होता. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गंगव्वा तापानं गेल्या.

मास्तर शाळेत आले त्या दिवशी हेडमास्तर त्यांना म्हणाले, "फार वाईट झालं." मास्तर थांबले. छत्री मिटली. आता विचारतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी काही विचारलं नाही.

उन्हाळ्यानंतर शाळेच्या बक्षीस समारंभाला पुण्याहून एक डॉक्टरसाहेब आले. त्यांच्या पदव्या इतक्या होत्या की परिचय करून देताना हेडमास्तरांना मध्ये पाणी प्यावं लागलं. एके काळी ते मास्तरांबरोबर शिकले होते. समारंभ उरकून ते मास्तरांच्या घरी आले, तेव्हा मीही होतो. त्यांनी निबंध चाळला.

"उत्तम. आमच्या मंडळातर्फे छापू. शेवटच्या उन्हाळ्याचा दुसरा रकाना तेवढा रिकामा दिसतो."

"हो."

"मग भरून टाका. तुमचेच आकडे जरा इकडेतिकडे करा. कोण विचारणार आहे?"

"तिनं विचारलं असतं."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला. "बरं. आणि वर तुमचं एकट्याचंच नाव बरं दिसेल. वहिनींचे शेवटी आभार मानू. चांगल्या शब्दांत."

मास्तरांनी कागद गोळा केले. "चहा निवतोय," ते म्हणाले.

निबंध गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांनी नव्यानं पट्ट्या मांडल्या, तेव्हा मी माळवद ओलांडून गेलो आणि दुसरी पाटी घेतली. आमचे आकडे दर रविवारी तंतोतंत जुळत. मी खूश होतो. मास्तर दिवसेंदिवस कष्टी दिसू लागले.

"शास्त्रीबुवा," शेवटी ते म्हणाले, "पट्टी पाहायच्या वेळी तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहता. मला बरं वाटेल तो आकडा लिहिता. ती कधी पाहत नसे."

"मग त्या कुठं पाहत?"

"पट्टीकडे. माझं ती काही ऐकतच नसे हो. म्हणून तर तिचा आकडा खरा."

त्यांनी माझ्या हातातली पाटी हळूच काढून घेतली. मी पुन्हा गेलो नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी आमच्या माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया काढत होतो. मास्तरांनी कागद सोडला आणि पट्टी बराच वेळ न्याहाळली. मग घोंगडीच्या आपल्या अर्ध्या भागावर बसले, उरलेल्या अर्ध्याकडे पाठ करून. पाटीवर आकडा लिहिला. वळले, आणि पाटी समोर धरली. मला ती स्पष्ट दिसत होती. तिच्यावर चार होता.

ते तसेच पाटी धरून राहिले. गल्लीतल्या मागांना रविवारची सुटी होती, कुठून खटखट नव्हती.

"बरं," मास्तर म्हणाले. "उद्या पुन्हा पाहू."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आमच्या माळवदावर गेलो आणि पलीकडे पाहिलं. पट्टीवर कागद पुन्हा नीट बांधलेला होता. पाटी कठड्याला टेकवून ठेवली होती. तिच्यावर पाच होता.