प्रत्येक पॅकेटामागे एक जादा

आमच्या या गृहस्थांना ऑफिसात सगळे 'डबल' म्हणत. कुणाला निरोप द्यायचा झाला, की ते आधी मेल करत, मग मेल केल्याचा मेसेज करत, आणि मग मेसेज मिळाला का हे विचारायला त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभे राहत. ('मिळाला' असं उत्तर आलं तरी त्यांचा जीव भांड्यात पडत नसे.) काम मात्र स्वभावाला साजेसं मिळालं होतं. कंपनीच्या दूरदूरच्या शाखा व्हीपीएननं जोडायच्या, म्हणजे सगळ्यांच्या इंटरनेटमधूनच आपल्यापुरती एक झाकलेली वाट काढायची, आणि त्या वाटेवर माहितीची पॅकेटं, म्हणजे तिचे छोटे छोटे तुकडे, हरवली तर ती भरून काढायची सोय करायची.

बायकोला ते एकदा हे समजावून सांगत होते. "समज, पाच माणसं पाठवायची आहेत. सोबत सहावा पाठवायचा. त्याला पाचांचा गोषवारा पाठ. वाटेत एखादा हरवला, तरी बाकीच्यांना विचारून तो पलीकडे पुन्हा उभा करता येतो."

"आणि कुणीच हरवलं नाही तर?"

"मग सहाव्याचं काही काम नाही."

"मग वाटेत त्या सहाव्याची गर्दी कशाला?" ती म्हणाली.

डबल तेव्हा हसले होते. ते हसणं पुढे त्यांना फार आठवलं.

बायकोचा आवाज असा, की तिला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे. सासऱ्यांची नजर गेल्यावर तिनं त्यांना वर्षानुवर्षं पेपर वाचून दाखवला, अगदी छोट्या जाहिरातींसकट. सासरे गेले, आणि वाचून दाखवायला कुणी उरलं नाही. मग एके दिवशी कुणालाही न विचारता तिनं बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका स्टुडिओकडे अर्ज केला. व्हिडिओ कॉलवर वाचनाची चाचणी ठरली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

"तुम्ही घर तेवढं शांत ठेवा," ती म्हणाली. "बाकी काही करू नका."

यातलं दुसरं वाक्य डबलपर्यंत पोचलं नाही. त्यांनी वॉशिंग मशीन बंद केलं, दारावरच्या बेलची वायर काढली, खोलीच्या खिडकीला रजई टांगली. इथंच थांबले असते तर आज त्या घरात आनंदीआनंद असता. पण घरची लाइन अधूनमधून पॅकेटं गाळायची, म्हणून त्यांनी तिचा कॉल ऑफिसच्या झाकल्या वाटेनं वळवला, पाचास एक जादा लावलं, आणि स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून पहाऱ्याला बसले.

आत वाचन सुरू झालं. इकडे पडद्यावर थोडी पॅकेटं हरवताना दिसली. डबलनी तिनास एक जादा केलं. आणखी हरवू लागली. 'काय भिकार लाइन आहे,' असं म्हणत त्यांनी एकास एक केलं. आता तर धडाधड हरवू लागली.

दाराआडून तिचा आवाज आला, "ऐकू येतंय का?" थोड्या वेळानं, "पुन्हा वाचू का?" मग परत एकदा, "पुन्हा वाचू?" या वेळी आवाज बारीक झाला होता. मग काहीच आलं नाही.

तेव्हा कुठे डबलच्या डोक्यात प्रकाश पडला. लाइन अरुंद होती. पॅकेटं उगीच हरवत नव्हती, त्यांना जागाच पुरत नव्हती, आणि हे आपले त्याच बोळात आणखी माणसं घुसवत होते. वाट गच्च असेल तर जादा पाठवू नका, हे ते ऑफिसात नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगत. (अर्थात दोनदा.)

ती बाहेर आली. "स्टुडिओवाल्यांचे चेहरे पडद्यावर गोठले हो. मला वाटलं, मीच इतकं वाईट वाचतेय."

"तू नाही. मी केलं ते," डबल म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं खिडकीवरची रजई काढली. डबल घडी घालायला दुसरं टोक धरायला गेले, तर तिनं ते हलकेच त्यांच्या हातून काढून घेतलं. डबलना फार वाईट वाटलं.

"मी त्यांना कळवतो," ते म्हणाले.

"एकदा कळवा," ती म्हणाली.

त्यांनी मेल केला. तो पोचला नसेल या काळजीनं दुसऱ्या पत्त्यावर केला. मग ऑफिसच्या आयडीवरून केला. मग मेसेज, मग फोन, मग फोन केला होता हे सांगणारा मेल.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओच्या बाईंचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"ताई, तुमची पहिली चार वाक्यं नीट आली होती. आम्हाला आवाज फार आवडला. स्टुडिओत या, म्हणून मेल केला होता आम्ही."

"मी लगेच 'येते' म्हणून उत्तर दिलं की."

"हो, ते आज सापडलं. तुमच्या घरून इतके मेल आले, की आमच्या माणसानं सगळे एकगठ्ठा बाजूला सारले. तुमचं उत्तर त्यांच्याखाली गेलं. काल दुसऱ्या बाई घेतल्या आम्ही. माफ करा हं."

तिनं फोन ठेवला, कपड्यांची बादली उचलली आणि मशीनपाशी गेली. डबल मागोमाग गेले.

"अगं..."

"जे काही असेल ते एकदाच म्हणा," ती पाठमोरीच म्हणाली. "पुन्हा पुन्हा नको. शब्द द्या."

त्यांनी दिला. मशीन घरघरत होतं. कपडे धुऊन होईपर्यंत डबलनी आयुष्यात पहिल्यांदाच एकही शब्द जादा नसलेलं वाक्य मनाशी जुळवलं. चूक कबूल केली, तिचा आवाज आपल्याला किती लागतो तेही सांगितलं. पण त्यांनी तोंड उघडलं, नेमकं तेव्हाच मशीन कपडे पिळायला लागलं आणि जमीन हादरेपर्यंत धडधडत राहिलं.

ते थांबल्यावर ती वळली. "काही म्हणालात?"

डबलनी शब्द दिला होता.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

"'नाही' बरं दोनदा म्हणता येतं," ती म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली.