आप्पांच्या सीडीचं लेबल

सीडीची लेबलं घरीच छापायची, असं मी जाहीर केलं तेव्हा कल्याणी भाकरी थापत होती. ती थापायची थांबली. कल्याणीने भाकरी अर्ध्यावर थांबवली म्हणजे हा माणूस पुन्हा काहीतरी अर्ध्यावर सोडणार, अशी तिची खात्री झालेली असते.

"प्रेसवाल्याला द्या की. त्याचं रोजचं काम हाय ते."

"तो सगळ्यांचंच छापतो. आप्पांचं मी छापणार."

"तुम्ही?" ती म्हणाली. (या एका शब्दात आमचा गळका नळ, उलटं बसवलेलं कुलूप आणि मी स्वतः रंगवलेली ती एक भिंत, एवढं सगळं येतं.)

आप्पा म्हणजे कल्याणीचे वडील, निपाणीचे महादेव मास्तर. शाळेतून ते निवृत्त झाले, पण त्यांची मास्तरकी अजून नोकरीत आहे. भजनाला त्यांच्यासारखा गळा पंचक्रोशीत नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला एकदाही 'छान' म्हटलेलं नाही. मी बढतीचे पेढे घेऊन गेलो, ते म्हणाले, "बघूया." मी स्कूटर घेतली, "बघूया." आमची ओवी झाली तेव्हासुद्धा ते पाळण्यात डोकावून आधी "बघूया" म्हणाले आणि मग "छान" म्हणाले. पण ते ओवीला.

मी सरकारी कचेरीत कारकून. माझ्या हातून कुणी 'छान' म्हणावं असं काही घडायची शक्यता तशी कमीच. म्हणून यंदा आप्पांना पंचाहत्तर पूर्ण होऊन निपाणीत सत्कार ठरला आणि त्यांच्या भजनांची सीडी पाहुण्यांना द्यायची टूम निघाली, तेव्हा मी ती धरून ठेवली. आता सीडी ऐकतंय कोण, असं मी सुरुवातीला चुकून बोलून गेलो होतो. आप्पा म्हणाले होते, "मोबाइलातलं गाणं हातात धरता येतंय व्हय? वस्तू पायजे." त्यांच्याकडे क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला सीडी प्लेअर आहे. तो अजून चालतो, कारण त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही.

गाणी तयारच होती. माझा मित्र आनंद याने निपाणीला जाऊन आप्पांची भजनं रेकॉर्ड केली आणि पेन ड्राइव्हमध्ये घालून मला आणून दिली. "सीडीवर चढवायची तेवढी, सोपं काम," तो म्हणाला. सोपं म्हणून ते मी शेवटी ठेवलं. कल्याणीने पेन ड्राइव्ह हरवू नये म्हणून दारामागच्या किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवला आणि मी कामाला लागलो.

ओवीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला एक रंगीत प्रिंटर घरात होता. खडेबाजारातून मी गोल स्टिकरचे कागद आणले. आधी लेबल. आप्पांचा फोटो मोठा करून मधोमध ठेवला, छापला, सीडीवर चिकटवला. सुंदर. मग लक्षात आलं की सीडीला मधे भोक असतं. ते बरोबर आप्पांच्या नाकावर आलं होतं. नाक नसलेले आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि डोळ्यांत भाव तोच, 'बघूया'चा. ती सीडी मी लगेच कपाटाच्या मागे टाकली.

दुसरी अडचण भाषेची. निपाणीचे पाहुणे निम्मे मराठी वाचणारे, निम्मे कन्नड, त्यामुळे नाव दोन्हींत पाहिजे. आता वर कुठलं आणि खाली कुठलं? आमच्या सीमाभागात हा प्रश्न कारकुनाने सोडवायचा नसतो. मी दोन्ही नावं सीडीच्या कडेने गोल फिरवली. ज्याला जे वर हवं त्याने सीडी तशी धरावी. (ही युक्ती माझी स्वतःची आहे. या कथेत अभिमान वाटावा असं एवढंच आहे.)

मग डबीत घालायचं कव्हर. फोटोभोवती मोकळं मोकळं वाटत होतं, म्हणून झेंडूचा हार घातला. सत्कार म्हटलं की हार आलाच. कापताना कात्री वाकडी जाऊ नये म्हणून कडेने चांगली जाड काळी चौकट आखली. पंचाहत्तर वर्षं हे नुसतं लिहिण्यापेक्षा दिसायला हवं, म्हणून फोटोखाली छापलं, '१९५० – २०२५'. त्याखाली 'समस्त परिवार'. आणि चुका नीट दिसाव्यात म्हणून एक नमुना जाड कागदावर पानभर मोठा करून काढायला घेतला.

आम्ही वडगावात, विणकरांच्या वस्तीत राहतो. भिंतीपलीकडे शेजारच्या भावकूचा साड्यांचा यंत्रमाग आहे. तो सुरू झाला की वीज खालीवर होते, आमचा प्रिंटर दचकतो आणि छापलेलं पान पुन्हा पहिल्यापासून छापायला घेतो. असं दचकून दचकून त्याने पिवळी शाई संपवली, मग लाल, मग निळी. नमुन्याचं पान शेवटी निव्वळ काळ्यात बाहेर आलं. मी ते वाचलं. अक्षराची एकही चूक नव्हती. समाधानाने ते टेबलावर ठेवलं आणि शाई आणायला बाजारात गेलो.

परत आलो तर टेबल मोकळं.

"इथला कागद कुठाय?"

"कुठला?"

"आप्पांचा. काळा."

"तो व्हय? वाया गेलेला न्हवं तो? जाड हुता चांगला. डब्याला गुंडाळला."

"कुठल्या डब्याला?"

"अक्काताई आत्याच्या. खव्याचा कुंदा धाडला न्हवं का तिला. सत्काराला बोलवायचं म्हणजे आधी तोंड गोड करायला नको? भावकू साड्या घेऊन कोल्हापूरला निघालाता, त्याच्याकडं दिला. कोगनोळी वाटंतच हाय की."

अक्काताई आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आप्पांवर तिचा जीव.

"छापलेली बाजू आत होती का बाहेर?"

"बाहेर. आत ठेवली असती तर शाई लागली असती डब्याला."

मी कॉम्प्युटरवर तेच पान पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदाच ते आत्याच्या नजरेने बघितलं. काळापांढरा फोटो. त्याला हार. भोवती काळी चौकट. खाली जन्मसाल, रेघ, चालू साल. त्याखाली समस्त परिवार. कल्याणी पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या वडलांना मारलंसा."

"मी मारलं? कुंद्याबरोबर तू पाठवलंस."

त्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. भाऊ गेल्याची बातमी, आणि सोबत जावयाकडून गोड. मी भावकूला फोन लावला.

"दिला की मघाशीच," भावकू म्हणाला. "म्हातारी कागद बघून लई रडाय लागली. मला वाटलं, माहेरचं गोड आलं म्हणून रडत्या."

"मग?"

"मग काय, मी बी डोळे पुसलो आणि निघालो."

आत्याचा फोन कुणी उचलेना. आप्पांचा बंद. (मोबाइल चालू ठेवला की झिजतो, असं त्यांचं मत आहे.) शेजारीपाजारी कुणाला फोन करावा तर काय सांगणार? आप्पा गेलेले नाहीत, एवढं जरा त्यांना कळवा? आम्ही होतो तसे निघालो आणि निपाणीची बस धरली. मी घरातल्या स्लिपरवर होतो.

मला भीती वाटत होती. हे मी हसण्यावारी नेत नाही. डॉक्टरांनी आप्पांना धक्का बसेल असं काही सांगू नका म्हणून बजावलं होतं, आणि बहीण दारातून आपल्याच नावाने रडत आत येते, यापेक्षा मोठा धक्का कुठला? समजा त्यांचं काही बरंवाईट झालं, तर माझा कागद खरा ठरणार होता. साल पण दुरुस्त करावं लागलं नसतं. असा विचार मनात आल्याबद्दल मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेणार होतो, पण शेजारी कल्याणी होती आणि ती हातभार लावील असं तिच्या तोंडावरून दिसत होतं. यमकनमर्डी गेलं, संकेश्वर गेलं. ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "हार कशाला घातलासा?" मी माझ्या स्लिपरकडे बघत बसलो.

निपाणीत आप्पांच्या गल्लीत शिरलो आणि माझे पाय थांबले. घरासमोर चपलांचा ढीग पडला होता. कट्ट्यावर माणसं गप्प बसलेली. आमच्याकडे बघून त्यांनी माना खाली घातल्या. कल्याणीने माझा हात घट्ट धरला, आणि मला आप्पांनी 'छान' म्हणावं वगैरे सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. ते नुसतं 'बघूया' म्हणू देत, एवढंच मी मनात म्हणत होतो.

आत आप्पा आरामखुर्चीत बसलेले होते. जिवंत. समोर अक्काताई आत्या जमिनीवर बसून रडत होती आणि रडता रडता त्यांना चमच्याने कुंदा भरवत होती. आप्पा निमूटपणे खात होते. बाकीची मंडळी भिंतीला टेकून हा सोहळा बघत होती. आत्याचं रडणं ऐकून दुखवट्याला आलेल्या माणसांना लगेच परत कसं जायचं, ते कळत नव्हतं.

"आलासा?" आप्पा म्हणाले. "बसा. तुमचीच वाट बघत हुती मंडळी."

कल्याणी त्यांच्या गळ्यातच पडली. मी दारात उभा. आत्याने माझ्याकडे वळून बघितलं.

"बाबा, मी डबा उघडला न्हाय," ती म्हणाली. "भाऊ गेल्यावर गोड कसं उतरंल घशाखाली? मला वाटलं, जावयाला एवढा आनंद झालाय."

"आत्या, तो कागद नमुन्याचा होता."

"कशाचा नमुना?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या मांडीवर तो कागद होता. चष्मा लावून त्यांनी तो पुन्हा एकदा सावकाश वाचला, जसे ते एके काळी पेपर तपासत असतील.

"जावईबापू, साल घातलंसा, पर तारीख न्हाय घातली," ते म्हणाले. "लोकांनी यायचं कवा?"

भिंतीजवळ कुणीतरी फिसकन हसलं. मग आत्या हसली, मग कल्याणी, डोळे पुसत. आप्पा हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"हार काढा. चौकट काढा. साल काढा. त्यातनं काय राहिलं तर ते छापा."

मी छापलं. तिन्ही शाया नव्या घातल्या. भावकूने माझ्यावर दया येऊन अख्खी दुपार माग बंद ठेवला. हाराच्या जागी तंबोरा आला, काळ्या चौकटीच्या जागी बारीक सोनेरी रेघ, आणि फोटो रंगीत, सीडीच्या भोकापासून लांब. कोऱ्या सीड्यांच्या गठ्ठ्यातली एकेक सीडी काढायची, लेबल फुगा न येऊ देता चिकटवायचं, डबीत घालायचं, कव्हर सरकवायचं, असा सपाटा लावला. कल्याणी शेजारी बसून प्रत्येक डबी पुसत होती. सत्काराला निघताना मी खिळ्यावरून घराची किल्ली घेतली, तिच्या शेजारी काहीतरी लोंबत होतं, पण घाई होती.

सत्कार थाटात झाला. सीड्या वाटल्या. लोकांनी त्या हातात धरून फिरवल्या, आपापली भाषा वर आणली आणि खूश झाले. आप्पांनी डबी डोळ्यांजवळ नेली. सोनेरी रेघेवरून बोट फिरवलं. कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"छान," ते म्हणाले.

एवढंच. पण मी त्या दिवशी जेवायला बसलो आणि पुरी घेतली की बासुंदी, मला काही आठवत नाही. परतीच्या बसमध्ये कल्याणीने आपण होऊन मला खिडकीची जागा दिली. पुढे आठवडाभर फोन येत होते. आप्पांचा गळा या वयात काय लागलाय, एकेक भजन म्हणजे काय ते, सगळ्यांनी सांगितलं. कचेरीत महिन्याभरात निवृत्त होणारे साहेब म्हणाले की ते रोज पहाटे ऐकतात. मी सगळ्यांना नम्रपणे सांगत होतो की यात माझं काही नाही. (ते किती खरं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.)

मग एका सकाळी आप्पांचा फोन आला. त्यांनी आपण होऊन मोबाइल चालू केला होता, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

"जावईबापू, रुमाल काढला, प्लेअर पुसला, सीडी लावली."

"कशी वाटली, आप्पा?"

"लेबल लई झ्याक फिरतंय. पर आवाज येईना. म्हटलं, माझा कान गेला. शेजारच्यांना बोलवलं, त्यांना बी ऐकू येईना. मग दुसरी लावली. तिसरी लावली."

माझी नजर आपोआप दारामागच्या खिळ्याकडे गेली. घराची किल्ली होती, स्कूटरची किल्ली होती, आणि त्यांच्यामधे आप्पांची सगळी भजनं शांतपणे लोंबत होती.

"आप्पा," मी म्हणालो, "मी आजच्या आज..."

"असू दे, असू दे," आप्पा म्हणाले. "बाहेरनं झ्याक आणि आत काय न्हाय. वाईट वाटून घिऊ नका. आम्ही पोरगी दिली ती बी लेबल बघूनच की."