कौसल्याबाईंची बॅटरी

आमच्या कौसल्याबाई नर्स मोटारीत बसल्या की मांडीवर बॅटरी घेऊन बसत. हातातली नव्हे, मोटारीला असते तसली, ॲसिडची, चांगली जड. तिला लुगड्याचा जुना तुकडा गुंडाळलेला. एकदा शेजारच्या म्हातारीनं कौतुकानं विचारलं, “किती महिन्याचं हाये व बाई?”

“नवीनच हाये. धक्का नोका देऊ, सांडते.”

म्हातारी उठून मागच्या बाकावर गेली.

मी तेव्हा वलगावच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. गावात वीज आली नव्हती. बाळंतपणाच्या खोलीतल्या दिव्यासाठी ही बॅटरी आली आणि बाईंच्या जिवाला घोर लागला. बाई मूळच्या अकोल्याच्या, इथं एकट्याच राहत. दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना एका शब्दात अंगणाबाहेर काढणारी ही बाई बॅटरीजवळून मात्र दबकत चाले. रोज सकाळी झाकणं उघडून पाणी बघायचं, टोकांना व्हॅसलीन चोळायचं. कोणी बिडी काढली की, “काहून जीव घेऊन राहिला रे? फुटन ते.”

दिवा लागतो का बघावं म्हणून मी एकदा बटणाकडे हात नेला, तर तो त्यांनी मनगटापाशीच धरला.

“उगाच लावू नोका भाऊ. उतरन.”

“मग भरलेली आहे हे कळणार कसं?”

“मले कळते.”

कळत काही नव्हतं. म्हणून तर दर पंधरा दिवसांनी त्या तिला अमरावतीला चार्जिंगला नेत आणि भरेपर्यंत दुकानाच्या बाकावर बसून राहत. दुकानदार म्हणे, “बाजार तरी करून या बाई.” बाई हलत नसत.

एका दुपारी एका मजुराच्या बायकोला आणलं. मूल पायाळू. आभाळ असं भरून आलं की खोलीत हाताला हात दिसेना. बाईंनी मला तारा जोडायला सांगितल्या. दिवा लागला, मग मिणमिणला. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

“तार सोडू नोका भाऊ.”

तासभर मी तार दाबून उभा होतो. दाबली की उजेड टिके, जरा सैल झाली की दिवा मिणमिणे. शेवटी पोर रडलं. आईनं पाणी मागितलं.

मी दिवा बंद करायला गेलो.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या.

“उतरेल ना.”

त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. “माही बहीण अशीच अडली होती. मीच होती जवळ, नवीनच शिकून आलेली. कंदील इझला. काडी सापडेपर्यंत रक्त किती गेलं, ते दिसलंच नाई मले.”

“आणि मूल?”

“पोरगी वाचली. अकोल्याले असते, बापापाशी. शाळेत जाते म्हनतात. मी अजून तोंड नाई दाखवलं तिले.”

पुढच्या चार्जिंगच्या वेळी मी म्हणालो, “या खेपेला बॅटरी मी नेतो. तुम्ही अकोल्याला जाऊन या.”

बाईंनी बॅटरीची झाकणं उघडली. मग पाणी कुठवर असावं, ते त्यांनी मला दोनदा समजावलं, आणि अकोल्याची मोटार किती वाजता सुटते ते विचारलं.